डाव्या बुटाचा पंचनामा

आमच्या घरात बुटाची लेस बांधता येणारं एकही माणूस नाही, हा शोध मला आभा केजी टूमध्ये गेल्यावर लागला. तोवर आम्ही स्वतःला सुशिक्षित समजत होतो. मी बी.एस्सी., बी.एड., प्रथम श्रेणी. आभाचे बाबा, म्हणजे अवधूत, राजूरच्या खाणीच्या ऑफिसात. सासरे रिटायर हेडक्लार्क. एवढं शिक्षण मारेगावात एका छपराखाली सापडलं की लोक अर्ज लिहून घ्यायला दारात येतात. लेस बांधून मागायला कोणी आलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं झाकून गेलं.

झालं असं की सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये शाळेचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायला आभाची निवड झाली. उंचीमुळे नव्हे, झेंडा हातात घेतला की ती झेंड्यामागे दिसतच नाही. पण तिचा "एक साथ सावधान" मारेगावच्या बसस्टँडवरून ऐकू येतो. हेडमॅडमनी अट घातली. यंदापासून चिकटपट्टीचे बूट बंद, लेसचे बूट सुरू, आणि रंगीत तालमीच्या दिवशी सगळ्यांसमोर आपली लेस आपण बांधून दाखवायची. "जिला स्वतःचा बूट सांभाळता येत नाही, ती शाळेचा झेंडा काय सांभाळणार?" बांधता आली नाही तर झेंडा तिच्या बाकावरच्या जियाकडे, आणि आभा मागच्या रांगेत, कागदाची पानं लावून झाड होऊन उभी.

घरी आल्याबरोबर दप्तर न काढता ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मले झाड नाई व्हायचं."

हे ऐकून कोणती आई स्वस्थ बसेल? मी म्हटलं, "हात्तिच्या! लेस म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम!"

हे वाक्य मला त्यानंतर पुष्कळ दिवस गिळावं लागलं.

मी तिला सशाचे दोन कान करून शिकवले. एक कान, दुसरा कान, कानाला कान, ओढ. छान फूल झालं. आभा उठली, पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या पायरीवर ससा मेला. पुन्हा बांधलं. पुन्हा तिसरी पायरी. मी पायरीला दोष दिला. मग माझ्या लक्षात आलं की माझं लेसचं ज्ञान आयुष्यात कधी यापुढे गेलंच नव्हतं. लहानपणी यवतमाळला शाळेत होते तेव्हा माझी आई जूनमध्ये एकदा लेस बांधून द्यायची, आणि दिवाळीपर्यंत मी त्याच गाठीत पाय सरकवायची. टाचा अशा चेपलेल्या की बूट आहे की सपाता, हे पीटीच्या सरांना वाकून पाहावं लागायचं. गाईडमध्ये असताना मला गाठींचा बॅज मिळाला होता, हे खरं आहे. पण परीक्षा लेखी होती. मी आकृत्या काढल्या होत्या. आकृत्यांना पैकीच्या पैकी मार्क होते. दोरी कोणी हातात दिलीच नव्हती.

मग म्हटलं, घरात रोज बूट घालून नोकरीवर जाणारा पुरुष आहे, तो कशासाठी आहे?

"अहो, हिला जरा लेस बांधून दाखवा."

ते पेपरामागून म्हणाले, "तू शिकवून राह्यली ना."

"तुमची पद्धत दाखवा."

पेपर खाली आला नाही. मी जाऊन बूट पाहिले. कोळशाच्या धुळीनं लेस आणि बूट एकजीव झाले होते. ती गाठ वणीच्या दुकानदारानं बूट विकताना बांधून दिलेली. तेव्हापासून हे गृहस्थ पाय घालतात आणि काढतात. तळ टाकायला बूट चांभाराकडे दिला तेव्हासुद्धा "गाठीले हात लावू नका" म्हणून बजावून आले होते. लग्नाला सात वर्षं झाली. इतकी मोठी गोष्ट माणूस बायकोपासून लपवतो म्हणजे काय!

"फाटली नाई, सुटली नाई, कायले सोडू?" ते म्हणाले. सरकारी खात्यात हा माणूस फार वर जाईल.

आता आमच्या पुढच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. पुढच्या खोलीत कापूस आहे. थोडाथोडका नाही, खिडकीच्या गजांपर्यंत. सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, गावाबाहेर शेत आहे; ते बटाईनं देतात आणि वाट्याचा कापूस घरी आणून भाव वाढायची वाट पाहतात. भाव यंदा वाढणार, असं ते रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी म्हणतात. बातम्यांच्या नंतर ते काही म्हणत नाहीत. शेजारीपाजारी सगळ्यांच्याच पुढच्या खोल्या अशाच भरलेल्या, त्यामुळे यात कोणाला वावगं वाटत नाही. पाहुणा आला की कापसावर बसतो, चहा पितो, खाजवत खाजवत घरी जातो. मुली पाहायचे कार्यक्रमसुद्धा आमच्या आळीत कापसावर झालेत. एक जमलंही.

मामाजी या ढिगावर लोडासारखे रेलून माझी शिकवणी पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सुनबाई, तुह्यी गाठ पाहून मले लाज वाटून राह्यली. आण इकडं त्या पोट्टीले."

मामाजींना लहानपणी बूट नव्हते. गाठ ते पोत्यांवर शिकले. त्यांच्या वडिलांची शिकवायची रीत सोपी होती. पोराला दोर द्यायचा, त्याची गाठ त्यालाच बांधायला लावायची, आणि त्याच दोरानं पोराला विहिरीत सोडायचं.

"मंग गाठ चुकत नाई," मामाजी म्हणाले. "गाठीचा धर्म एकच. टिकली पायजे. एक टोक ओढलं, की आवळली पायजे."

आभानं बांधली. आवळली. इतकी आवळली की बूट पायातून निघेना. ती बूट घालून जेवली, बूट घालून झोपली, आणि सकाळी मी कात्रीनं लेस कापली.

हे सगळं कुंपणापलीकडून हुस्नाबी खाला पाहत होत्या. आमच्या कुंपणाला मेंदी आहे, पण मेंदीला जिथे भोक आहे तिथे खालांचं शिलाई मशीन आहे. अर्ध्या गावाचे पायजमे आणि सलवारी त्या शिवतात. लेस कापल्याचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

"हाय अल्ला, नीळकंठभाऊ! बच्ची का पाँव है का कपास का बोरा? अगं सुमेधा, गाठ तर अशी पायजे, की एक सिरा ओढला का खटकन खुली!"

"खुलते त्याले गाठ म्हणत नाई, हुस्नाबी," मामाजी ढिगावरून म्हणाले.

"जी नई खुलती, त्याले मुसीबत म्हणते!"

आणि मग खालांनी त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. ईदचा दिवस, नवा पायजमा, भाऊ लहान, शीरखुर्मा जास्त झालेला. नाड्याची गाठ कोणा मामूनं प्रेमानं बांधलेली, मामाजींच्या पद्धतीची. ईदगाहच्या वाटेवर पोट बोलू लागलं आणि गाठ खुलेना. सारे मेहुणे, मामू, चाचा वाटेत वाकून त्या एका गाठीशी झटत होते, लोक विचारत होते काय झालं, आणि भाऊ रडत होता. "क्या हुआ, ते नको विचारू," खाला म्हणाल्या. "तो अब नागपूर में वकील है. आज भी ईद के दिन इलास्टिक पहनता है."

तर असे दोन पंथ झाले. सकाळी मामाजींची, म्हणजे आभाच्या आबाजींची गाठ, दुपारी खालांची गाठ. आबाजी म्हणायचे टिकली पायजे, खाला म्हणायच्या खुलली पायजे, आणि दोघंही आभाच्या समोर बसून दाखवायचे. आभा डावखुरी, त्यामुळे समोरच्याचा उजवा हात तिचा डावा व्हायचा आणि कधीकधी तिसराच. खालांचा मुलगा कय्युम मोटर मेकॅनिक आहे. तो एकदा पाना हातात घेऊन डोकावला आणि म्हणाला, "भाभी, कायले एवढी मगजमारी? मी क्लच वायर टाकून देतो. जिंदगीभर टेन्शन नाई." त्याला मी पाणी देऊन परत पाठवलं.

पोरीनं मात्र ध्यासच घेतला. जे दिसेल ते बांधू लागली. दाराची कडी बांधली. गॅसची नळी बांधली. झोपलेल्या आबाजींची काठी खाटेला बांधली, आणि ते उठून काठी ओढू लागले तेव्हा खाट त्यांच्या मागे निघाली. लाईटच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस कापसावर बसून पाणी पीत होता. त्याच्या पिशवीचा बंद तिनं खिडकीच्या गजाला बांधला. बिचारा घाईत उठला. त्या महिन्याचं आमचं बिल मला अजून संशयास्पद वाटतं.

आणि तालमीच्या आदल्या दिवशी दुपारी ती घरात आली. एका पायात बूट, एक पाय उघडा.

"आई, डावा बूट कापसात गेला."

"कसा गेला?"

"मी वर बसून बांधून राह्यली होती. बूट बांधला. पाय नव्हता त्याच्यात. मंग तो गेला."

कापसाच्या ढिगात वस्तू पडली की ती पडत नाही. तिला कापूस गिळतो. मी बाह्या सारून आत शिरले. खाला आल्या. कय्युम आला. खालांनी तोंडाला ओढणी बांधली (सुटणारी गाठ). आम्ही तिघं कंबरेपर्यंत आत. मला माझं लाटणं सापडलं, जे दिवाळीपासून मोलकरणीनं नेलं असं मी सर्वांना सांगत होते. मामाजींचा चष्मा सापडला. एक कपबशी सापडली, तिच्यात चहा वाळलेला. पाहुणा कोण होता आठवेना. बूट सापडला नाही.

आणि नेमके त्याच वेळी मामाजी रेडिओ कानाला लावून आतून धावत आले. मामाजी धावले, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"भाव वाढला! कय्युम, गाडी काढ!"

"मामाजी, बूट आहे आतमधे."

"सुनबाई, बुटाले भाव नाई. उद्या हा भाव राह्यला नाई तर? आज खरेदी केंद्र चालू आहे, भर कापूस!"

हा माणूस दसऱ्यापासून त्या एका वाक्याची वाट पाहत होता. कय्युमच्या मेटॅडोरमध्ये कापूस भरला गेला. मी प्रत्येक भाऱ्यात हात घालून पाहत होते. आभा पायरीवर बसून पाहत होती, एका पायात बूट, तो काढायला तयार नाही. तिला मागे ठेवणं शक्य नव्हतं. ढिगावर तिला बसवलं, शेजारी मी, पुढे मामाजी, आणि "बच्ची के बूट का सवाल है" म्हणून खालाही चढल्या. लोक वाटेत हात करत होते. त्यांना वाटलं आम्ही निवडणुकीला उभे आहोत.

खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग. ऊन उतरायला लागलं तेव्हा आमचा नंबर आला. हमालांनी मागचं फळकट उघडलं, कापूस खाली आला, आणि सगळ्यात आधी, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर साहेबांच्या पुढ्यात, टप्पकन पडला डावा बूट. काळा, चकचकीत, लेस बांधलेला.

ग्रेडर साहेब बुटाकडे पाहत राहिले. "वजन वाढवाले दगड टाकणारे पाह्यले. पाणी मारणारे पाह्यले. बूट पहिल्यांदाच."

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. ते हसले. बूट उचलून माझ्याकडे धरत म्हणाले, "घ्या मॅडम. अन् पुढची गाडी येऊ द्या."

इथे सगळं संपलं असतं. माझा हात पुढे गेलाही होता.

"असं कसं?" मामाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश आला होता, जो रिटायर झाल्यापासून मी पाहिला नव्हता.

"मालात परकीय वस्तू सापडली. तिची नोंद नको व्हायले? उद्या कोणी म्हणन, नीळकंठरावानं कापसात बूट घालून आणला, अन् साहेबानं तोंड पाहून सोडला. पंचनामा करा."

"आबासाहेब, लेकराचा बूट आहे..."

"नियम लेकराले बी लागते."

ग्रेडर साहेबांचा चेहरा बदलला. ज्याच्यासमोर इतकी वर्षं कोणी नियमानं चाललं नाही, त्याला अचानक नियम दिसला की त्याचं असंच होतं. काटा थांबला. कागद आला. दोन पंच आणले, दोघंही खाजवत होते. मामाजींनी मजकूर स्वतः सांगितला: "एक नग बूट, डावा, बालिकेचा, गाठ मारलेल्या स्थितीत." सही झाली, बूट जप्त झाला, आणि मामाजी समाधानानं म्हणाले, "आता द्या."

"आता कसा देऊ?" साहेब म्हणाले. "जप्त झाला. मालकी दाखवा."

मामाजींनी सातबारा काढला.

"सातबाऱ्यावर बुटाची नोंद नाई."

ते खरं होतं. मामाजींनी सातबारा उलटा करून मागे पाहिलं, तिथेही नव्हती. आभानं आपला उजवा पाय पुढे केला.

"असे बूट त्या शाळेतल्या साऱ्या लेकरायच्या पायात आहे, बाळ," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण पंचनामा झाला होता. मागच्या गाड्यांचे लोक उतरून गोल करून उभे राहिले. कोणी म्हणे पोलीस पाटलाला बोलवा, कोणी म्हणे आमच्या जावयाचा पण एक बूट गेलता गेल्या साली. मी, बी.एस्सी., बी.एड., भर केंद्रात एका बुटासाठी डोळे पुसत होते. आभा नव्हती रडत. ती बुटाकडे पाहत होती.

"त्याची गाठ माह्यी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गाठ. मी बांधली."

साहेबांनी लेसचं टोक धरून ओढलं. गाठ आवळली. आणखी ओढलं, आणखी आवळली. एका हमालानं दात लावून पाहिले. कय्युमनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, तो मी ठेवायला लावला. मामाजींची मान ताठ होत होती. "माह्यी गाठ आहे साहेब. तुटन, पण सुटणार नाई. मी विहिरीत शिकलो ही."

"जिला खुलन तिचा बूट," मागून कोणीतरी ओरडलं. न्याय म्हणून ते सातबाऱ्यापेक्षा बरंच होतं. साहेबांनी बूट आभापुढे ठेवला.

आभा कापसावर बसली. डावा हात पुढे केला. सगळे जे टोक ओढत होते ते तिनं सोडून दिलं, आणि दुसरं, डावीकडचं, दोन बोटांत धरून अलगद ओढलं. खटकन खुललं.

मग हुस्नाबी खालांनी टाळी वाजवली. "देखा! मेरी गाठ! एक सिरा ओढा, खुली!"

"अन् दुसरा सिरा ओढा, आवळली!" मामाजी गरजले. "ती माह्यी!"

दोघांची भांडणं ऐकत ऐकत पोरीनं दोन्ही बांधून टाकल्या होत्या, एकाच गाठीत. एका टोकाला आबाजी, एका टोकाला खाला. तिनं पाय बुटात घातला, सगळ्यांसमोर पुन्हा बांधलं, उठली आणि उड्या मारून पाहिलं. सुटली नाही. साहेबांनी पंचनाम्याखाली लिहिलं, "वस्तू मालकिणीस परत," आणि तिचा अंगठा घ्यायला शाई मागवली. तिनं सही केली, डाव्या हातानं, "आ" जरा उलटा.

तोवर वजनकाट्याची वेळ संपली होती. काटा बंद. उद्या केंद्राला सुट्टी, परवा पाहू. कय्युमनं कापूस पुन्हा भरला. परतताना रेडिओवर बातम्या लागल्या, मामाजींनी त्या ऐकल्या, रेडिओ बंद केला आणि आभाच्या बुटाकडे पाहत म्हणाले, "पुढच्या हप्त्यात वाढणार." कापूस पुन्हा आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या गजांपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तालीम. हेडमॅडमना गाठ खुलेना, आभाला खुलली, झेंडा आभाचा.

सव्वीस तारखेला सकाळी ती पायरीवर बसली आणि मी सवयीनं खालच्या पायरीवर, हात पुढे करून. ती चिकटपट्टी लावायची तेव्हाही पाय माझ्या मांडीवरच असायचा. तिनं दोन्ही बूट बांधले. माझे हात तसेच.

"आई, तू काहून बसली?"

"अशीच."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. थोडा विचार केला. मग डाव्या बुटाचं टोक ओढून गाठ सोडली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"हा एक तू बांध. पण सुटली तर मी तुह्यं नाव सांगीन."

मी बांधली. जीव लावून. सशाचे दोन कान.

मैदानावर अख्खं मारेगाव. प्रमुख पाहुणे स्टेजवर, बँडवर बालवाडीची पोरं, आणि सगळ्यात पुढे एक झेंडा चालत येत होता, ज्याच्याखाली दोन काळे बूट दिसत होते. मामाजी आणि खाला माझ्या दोन बाजूंना. स्टेजच्या बरोबर समोर ससा मेला.

झेंडा थांबला. मागची सगळी शाळा एकमेकांवर आदळून थांबली. आभानं पाहुण्यांकडे पाहिलं, चार पावलं पुढे गेली आणि झेंडा त्यांच्या हातात दिला. "धरा जरा." पाहुणे धरून उभे राहिले. ती मातीत बसली, निवांत, घाई नाही, आणि आपली गाठ बांधली. शाळा जागच्या जागी डावा-उजवा करत होती. माईकजवळ उभ्या हेडमॅडमनी दबक्या आवाजात विचारलं, पण माईक चालू होता: "आभा! कोणी बांधली होती ही?"

आभानं वचन पाळलं. तिचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला असणार.

"माह्या आईनं!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. माझ्या एका बाजूला मामाजी म्हणाले, "टिकली नाई." दुसऱ्या बाजूला खाला म्हणाल्या, "बिना बोले खुल गई." इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

हे लिहितेय ते कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. पुढच्या खोलीतून हाक येते आहे. आभा कापसावर बसली आहे, माझ्यासाठी समोर नाही, शेजारी जागा ठेवून, म्हणजे मला उजवं-डावं उलटं दिसायला नको. मांडीवर तिचा डावा बूट. रोज दुपारी शाळेतून आली की माझी शिकवणी असते.

"पाहा आई, ही आबाजीची दोरी. ही खालाची. समजलं?"

मला अजून नीट येत नाही. येईल हळूहळू, घाई काय आहे.